निळा प्रकाश आणि जिवंत पेशी

इंग्लंडच्या एसेक्स परगण्यांत रॉचफर्ड नांवाचें एक लहानसें गांव आहे. तेथील रुग्णालयांत १९५६ सालीं, दिवस पुरे भरण्यापूर्वीं जन्मलेल्या बालकांसाठीं एक स्वतंत्र कक्ष होता आणि त्याची व्यवस्था सिस्टर वॉर्ड नांवाच्या अनुभवी परिचारिकेकडे होती. कोंदट खोलीपेक्षां मोकळी हवा आणि कोवळें ऊन बालकांना अधिक मानवतें, असा या बाईंचा विश्वास होता. आकाश निवळ असलें म्हणजे त्या कांहीं बालकांना अंगणांत नेत आणि डॉक्टरांची फेरी येण्यापूर्वीं त्यांना पुन्हां आंत आणून ठेवीत.

त्या वर्षींच्या उन्हाळ्यांत एके दिवशीं फेरीच्या वेळीं बाईंनीं कांहींशा संकोचानेंच एक बालक उघडें करून डॉक्टरांना दाखविलें. बालकास कावीळ होती. पण त्याचें अंग फिकट पिवळें असतां त्वचेचा एक त्रिकोणी भाग मात्र हळद माखल्यासारखा गर्द पिवळा दिसत होता. बाईंनीं तेथें कांहीं औषध लाविलें असावें, असें डॉक्टरांना प्रथम वाटलें. बाईंनीं सांगितलें कीं, औषध लाविलेलें नाहीं. तेवढ्या भागावर दुपट्याचें टोंक पडलें होतें आणि बाकीच्या अंगाला ऊन लागलें होतें. म्हणजे तो त्रिकोण नव्यानें पिवळा झालेला नव्हता. तो होता तसाच राहिला होता, आणि भोंवतालचें अंग निवळलें होतें.

यानंतर थोड्याच आठवड्यांनीं त्याच रुग्णालयांत दुसरी एक गोष्ट घडली. काविळीनें आजारी असलेल्या एका बालकाच्या रक्ताची नळी प्रयोगशाळेच्या खिडकींत उन्हांत राहून गेली. मागाहून तपासणी केली, तेव्हां रक्तांतील पिवळ्या द्रव्याचें प्रमाण अपेक्षेहून पुष्कळच कमी भरलें. आणि पुन्हां ताजें रक्त घेऊन पाहिलें, तों तें जास्त निघालें. अंगणांत त्वचेवर जें घडलें तेंच खिडकींत कांचेच्या नळींत घडलें होतें. क्रेमर, पेरिमन आणि रिचर्ड्स या तिघांनीं मग या गोष्टीचा रीतसर शोध घेतला. सूर्यप्रकाशांतील निळा भागच हें कार्य विशेषेंकरून करतो, असें त्यांना आढळलें. निळसर प्रकाशाच्या नळ्या बसविलेला एक पाळणा त्यांनीं तयार केला आणि आपले निष्कर्ष १९५८ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध केले.

निळा प्रकाश जिवंत शरीरावर काय परिणाम करतो, हा प्रश्न आज घरोघरीं विचारला जातो. दिवे आणि यंत्रांचे चकचकीत पडदे यांच्यामुळें या प्रश्नाला कांहींसें भीतीचें स्वरूप आलें आहे. कोणी म्हणतो, निळा प्रकाश डोळे जाळतो. कोणी म्हणतो, तो झोंप नाहींशी करतो. आणि त्याच वेळीं रुग्णालयांत तान्ह्या बालकाला त्याच प्रकाशाखालीं निजविलें जातें. एकच वस्तु विष आणि औषध दोन्ही कशी असूं शकेल? रॉचफर्डच्या त्या पिवळ्या त्रिकोणाकडे नीट पाहिलें, तर या कोड्याची उकल होण्यास बरीच मदत होते.

लोलकांतून सूर्यप्रकाश सोडला म्हणजे त्याचा वर्णपट पडतो, हें शाळेंत शिकलेल्या प्रत्येकास आठवत असेल. त्या पटाच्या एका टोंकास तांबडा रंग असतो, दुसऱ्या टोंकाकडे निळा व जांभळा. प्रकाश लहरींनीं चालतो. या लहरींची लांबी मोजण्यास मिलिमीटरचे दहा लाख भाग करावे लागतात, आणि अशा एका भागास नॅनोमीटर म्हणतात. तांबड्या प्रकाशाची लहर सुमारें ६५० नॅनोमीटर, तर निळ्याची सुमारें ४५० नॅनोमीटर. लहर जितकी आंखूड, तितका त्या प्रकाशाचा प्रत्येक कण अधिक शक्ति बाळगतो. निळ्या प्रकाशाचा एक कण तांबड्याच्या एका कणाच्या जवळजवळ दीडपट शक्तीचा असतो. एखाद्या रेणूची घडी उलगडावी किंवा त्यांतील एक विद्युत्कण जागचा हलवावा, एवढें बळ त्याच्या ठिकाणीं असतें.

पण नुसतें बळ असून भागत नाहीं. ग्रोथुस या शास्त्रज्ञानें १८१७ सालीं व ड्रेपर यानें १८४२ सालीं एक साधा नियम मांडला. जो प्रकाश पदार्थांत शोषला जातो, तोच त्याच्यांत रासायनिक फरक घडवूं शकतो. जो आरपार निघून जातो किंवा परतून येतो, तो कांहींच करीत नाहीं. पाणी निळ्या प्रकाशास अडवीत नाहीं. पेशींतील बहुतेक रंगहीन द्रव्यें त्यास अडवीत नाहींत. मग त्याला अडवितें कोण? पांढऱ्या प्रकाशांतून निळा भाग काढून घेतला, कीं उरलेला प्रकाश डोळ्यास पिवळा दिसतो. म्हणजेच जें द्रव्य पिवळें दिसतें, तें निळा प्रकाश गिळून बसलेलें असतें. रक्ताच्या तांबड्या द्रव्याच्या जातकुळींतील पदार्थहि वर्णपटाच्या या टोंकाचा प्रकाश जोरानें शोषतात. तेव्हां निळ्या प्रकाशाचा अमुक पेशीवर काय परिणाम होईल, या प्रश्नाचें उत्तर बहुतेक वेळां दुसऱ्या एका प्रश्नांत सांपडतें: त्या पेशींत, किंवा तिच्या आसपास, पिवळें असें काय आहे?

काविळींत तें पिवळें द्रव्य म्हणजे बिलिरुबिन. रक्तांतील तांबड्या पेशी आपलें आयुष्य संपलें म्हणजे मोडतात व त्यांतील तांबड्या द्रव्यापासून बिलिरुबिन बनतें. नवजात बालकाच्या तांबड्या पेशी मोठ्या माणसाच्या पेशींपेक्षां लवकर मोडतात, आणि त्याचें यकृत हें द्रव्य शरीराबाहेर टाकण्यास अजून पुरतें तयार झालेलें नसतें. म्हणून पुऱ्या दिवसांच्या बालकांपैकीं निम्म्याहून अधिक बालकें पहिल्या आठवड्यांत थोडींफार पिवळीं दिसतात. अपुऱ्या दिवसांच्या बालकांत हें प्रमाण आणखी मोठें असतें. बहुतेकांची ही कावीळ आपोआप ओसरते. पण द्रव्याचें प्रमाण फार वाढलें तर तें मेंदूंत शिरतें, तेथील पेशींना कायमची इजा करतें, आणि मूल दगावतें किंवा बहिरें वा पंगु होऊन जगतें.

बिलिरुबिनाची अडचण ही कीं, तें पाण्यांत विरघळत नाहीं. त्याच्या रेणूचे दोन अर्धे भाग एकमेकांकडे घडी घालून असे बसलेले असतात, कीं पाण्याशीं ज्यांचें सख्य व्हावें तीं टोंकें आंतल्या आंत गुंतून पडतात. यकृत या रेणूला दुसरें एक द्रव्य जोडून विरघळण्याजोगें करतें. पण नवजात बालकाचें यकृत तेथेंच अपुरें पडतें. त्वचेवर निळा प्रकाश पडला, कीं ४६० नॅनोमीटरच्या आसपासचे प्रकाशकण बिलिरुबिन शोषून घेतें. त्या शक्तीनें रेणूचा अर्धा भाग फिरतो, घडी मोडते, गुंतलेलीं टोंकें मोकळीं होतात आणि तो पाण्याशीं मिळतें घेऊं लागतो. मग यकृताच्या मदतीवांचूनहि तो पित्तावाटे व लघवीवाटे निघून जाऊं शकतो. ज्या कामास यकृत अजून लायक नव्हतें, तें काम प्रकाशानें उरकलेलें असतें.

रॉचफर्डचा हा शोध जगानें लगेच उचलला नाहीं. अमेरिकेंत ल्यूसी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९६८ सालीं अपुऱ्या दिवसांच्या बालकांवरील तुलनात्मक प्रयोग प्रसिद्ध केला, त्यानंतर या उपचाराचा सर्वत्र प्रसार झाला. तोंपर्यंत तीव्र काविळींत बालकाचें जवळजवळ सर्व रक्त थोडें थोडें काढून दुसरें भरावें लागे. हा उपाय जोखमीचा होता. निळ्या दिव्यांमुळें तो करण्याची पाळी पुष्कळच कमी वेळां येऊं लागली.

महाराष्ट्रांतील घरांत तान्ह्या मुलाला न्हाऊमाखूं घालून सकाळच्या कोवळ्या उन्हांत थोडा वेळ धरण्याची जुनी चाल आहे. सिस्टर वॉर्ड यांनीं जें पाहिलें, त्यावरून या चालींत तथ्य आहे असें म्हणतां येईल. परंतु येथें एक सावधगिरीची सूचना अत्यंत आवश्यक आहे. उन्हाची मात्रा मोजतां येत नाहीं. त्यांत निळ्या प्रकाशाबरोबर उष्णता असते, आणि त्वचेस अपाय करणारे जंबुपार किरणहि असतात. कावीळ जन्मापासून चोवीस तासांच्या आंत दिसूं लागली, पिवळेपणा हातापायांपर्यंत उतरला, किंवा मूल सुस्त होऊन अंगावर पिईनासें झालें, तर उन्हावर विसंबून राहणें म्हणजे मोलाचा वेळ दवडणें होय. अशा मुलाचें रक्त त्याच दिवशीं तपासून घेतलें पाहिजे. रुग्णालयांतील दिव्यांखालीं मूल निजवितात तेव्हां त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधतात. ही पट्टी कशासाठीं, तें पुढें येईलच.

बिलिरुबिन हें पेशींतून बाहेर पडून रक्तांत व त्वचेंत साचलेलें द्रव्य झालें. पण पेशींच्या आंतहि एक पिवळें द्रव्य सर्वत्र वास करून असतें. नासलेल्या दुधाच्या निवळीला जो हिरवट-पिवळा रंग असतो, तो याच द्रव्याचा. ‘ब’ वर्गांतील दुसरें जीवनसत्त्व, रायबोफ्लेविन, तें हेंच. दूध उन्हांत ठेवलें असतां हें जीवनसत्त्व झपाट्यानें नाश पावतें, कारण तें निळा प्रकाश शोषतें. निसर्गानें याच पिवळ्या द्रव्याचा उपयोग करून पेशींना एक प्रकारची दृष्टि दिली आहे.

खिडकींत ठेवलेल्या कुंडींतील रोप उजेडाकडे वांकतें, हें सर्वांनीं पाहिलेलें असतें. एकोणिसाव्या शतकांत जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ झाक्स यानें रंगीत द्रवांतून प्रकाश गाळून दाखविलें कीं, या वांकण्याला मुख्यतः निळा भाग कारण आहे. चार्ल्स डार्विन आणि त्याचा पुत्र फ्रान्सिस यांनीं १८८० सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत गवताच्या कोंवळ्या अंकुरांवरील प्रयोग दिले आहेत. अंकुराच्या शेंड्यास अपारदर्शक टोपी घातली, तर तो वांकत नसे. खालचा भाग झांकून शेंडा मोकळा ठेवला, तर वांके. म्हणजे पाहतो शेंडा आणि वांकतो बुंध्याकडील भाग. शेंडा कोणत्या डोळ्यानें पाहतो, हें मात्र शंभराहून अधिक वर्षें अज्ञात राहिलें. अमेरिकेंत विन्स्लो ब्रिग्ज यांच्या प्रयोगशाळेंत १९९७ सालीं तें प्रथिन ओळखलें गेलें, आणि पुढें त्यास फोटोट्रॉपिन असें नांव मिळालें. त्याच्या पोटांत रायबोफ्लेविनापासून बनलेला एक रेणु असतो. निळा प्रकाशकण मिळतांच तो रेणु शेजारच्या गंधकयुक्त घटकास चिकटतो, सारें प्रथिन आपला आकार बदलतें, आणि पेशींत निरोपांची एक सांखळी सुरू होते. वाढीचें द्रव्य सांवलीच्या बाजूस अधिक जमतें, त्या बाजूच्या पेशी लांबतात, आणि रोप उजेडाकडे झुकतें. याच प्रथिनाच्या सांगण्यावरून सकाळीं पानांचीं सूक्ष्म रंध्रें उघडतात. आणि ऊन फार कडक झालें, कीं पेशींतील हरितद्रव्याचे कण भिंतींच्या आडोशास सरकतात. प्रकाशावर जगणाऱ्या पेशीसहि प्रकाशापासून अंग चोरावें लागतें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

पिवळ्या द्रव्याचें दुसरें कार्य याहून विस्मयकारक आहे. अमेरिकेंत कोल्ड स्प्रिंग हार्बर येथें अल्बर्ट केल्नर हे स्ट्रेप्टोमायसीज नांवाच्या सूक्ष्म जीवाच्या बीजाणूंवर प्रयोग करीत होते. स्ट्रेप्टोमायसीन हें औषध याच जीवापासून मिळालें. जंबुपार किरणांनीं बीजाणु मारावयाचे आणि किती वांचतात तें मोजावयाचें, असें त्यांचें काम होतें. पण आंकडे कांहीं केल्या जुळेनात. उष्णतामान काटेकोर सांभाळलें, तरी एका वेळीं मोजके बीजाणु जगत, तर दुसऱ्या वेळीं कितीतरी पटींनीं अधिक. शेवटीं लक्षांत आलें कीं, फरक उष्णतेचा नसून उजेडाचा आहे. किरणांनीं मारलेले म्हणून समजलेले बीजाणु साध्या दिवसाच्या उजेडांत ठेवले, तर त्यांतील पुष्कळसे पुन्हां वाढीस लागत. हा शोध १९४९ सालीं प्रसिद्ध झाला.

जंबुपार किरण पेशीच्या आनुवंशिक द्रव्याच्या धाग्यांतील शेजारशेजारचे दोन मणी एकमेकांस चिकटवून टाकतात. त्यामुळें तो धागा वाचतां येत नाहीं व पेशी मरते. अनेक जीवांत फोटोलायेज नांवाचें एक प्रथिन या चिकटलेल्या जोड्या शोधून तेथें जाऊन बसतें. त्याच्याहि अंगीं तेंच पिवळें द्रव्य असतें. निळा किंवा निळ्यालगतचा प्रकाश मिळाला, कीं तें एक विद्युत्कण त्या जोडीस देतें, जोडी सुटते, आणि विद्युत्कण परत येतो. अझीझ संजार यांना २०१५ सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक विभागून मिळालें, तें पेशींतील अशाच दुरुस्त्यांच्या अभ्यासाबद्दल. सूर्याच्या एका किरणानें केलेली जखम त्याच सूर्याचा दुसरा किरण भरून काढतो, अशी ही योजना जंतूंत आहे, वनस्पतींत आहे, मासे आणि बेडूक यांच्यांतहि आहे. माणसांत मात्र ती नाहीं. गर्भाशयांत नाळेवर पोसल्या जाणाऱ्या प्राण्यांच्या वंशांत हें प्रथिन लोप पावलें, आणि त्यांच्या पेशी हेंच काम अंधारांत चालणाऱ्या दुसऱ्या, अधिक खटपटीच्या रीतीनें करतात. फोटोलायेजचे भाऊबंद मात्र माणसांतहि उरले आहेत. क्रिप्टोक्रोम या नांवाचीं हीं प्रथिनें १९९३ सालीं प्रथम एका वनस्पतींत ओळखलीं गेलीं. वनस्पतींत तीं निळा प्रकाश ओळखतात. माणसाच्या पेशींत तीं प्रकाशाशीं संबंध न ठेवितां दिवसरात्रीच्या अंतर्गत घड्याळाचा एक भाग म्हणून काम करतात.

येथवर निळ्या प्रकाशाचीं उपकारक कृत्यें झालीं. परंतु शक्ति शोषून घेतलेला रेणु नेहमींच ठरलेलें काम करतो असें नाहीं. कित्येकदां तो आपली शक्ति जवळच्या प्राणवायूस देऊन टाकतो. असा चेतलेला प्राणवायु किंवा त्यापासून बनलेलीं द्रव्यें पेशीच्या आवरणास, तिच्या प्रथिनांस आणि आनुवंशिक धाग्यासहि इजा करतात. रायबोफ्लेविन हेंहि या दोषापासून मुक्त नाहीं. प्रयोगशाळेंत ज्या पोषक द्रवांत पेशी वाढवितात, त्यांत हें जीवनसत्त्व घातलेलें असतें. असा द्रव नळीच्या दिव्याखालीं पुष्कळ वेळ राहिला, तर त्यांत हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतें व पेशी मरूं लागतात. म्हणून जाणते संशोधक हे द्रव अंधारांत ठेवतात.

या विध्वंसाचाहि माणसानें उपयोग करून घेतला आहे. डॅनिश वैद्य नील्स फिन्सेन यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्वचेच्या क्षयावर एकवटलेल्या प्रकाशाचा उपचार सुरू केला आणि त्याबद्दल त्यांना १९०३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. गुण जंबुपार किरणांचा, अशी त्यांची समजूत होती. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत त्यांच्या जुन्या भिंगांची तपासणी करण्यांत आली, तेव्हां ३४० नॅनोमीटरहून आंखूड लहरी त्या कांचेंतून जातच नसत असें दिसलें. क्षयाच्या जंतूंत रक्ताच्या तांबड्या द्रव्याच्या जातीचे कांहीं पदार्थ असतात. दीर्घ लहरींच्या जंबुपार प्रकाशाबरोबर जांभळा-निळा प्रकाशहि त्यांनीं शोषला आणि जंतु आपल्याच पोटांतील त्या पदार्थांमुळें मेले, हेंच अधिक संभवनीय ठरलें. तारुण्यपीटिकांच्या जंतूंवर आज जो निळा प्रकाश वापरतात, त्याचें मर्महि हेंच.

आतां डोळ्यांविषयीं. डोळ्याच्या मागच्या पडद्यास दृष्टिपटल म्हणतात. तेथें प्रकाश आहे, प्राणवायु विपुल आहे, आणि प्रकाश शोषणारीं द्रव्येंहि आहेत. म्हणजे अपायाचें सर्व साहित्य एकत्र आलेलें आहे. अमेरिकेंत विल्यम हॅम व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७६ सालीं माकडांवरील प्रयोगांनीं दाखविलें कीं, लहर जसजशी निळ्याकडे आंखूड होत जाते, तसतशी दृष्टिपटलास इजा करण्यास लागणारी शक्ति फार कमी होत जाते. नुसत्या डोळ्यांनीं सूर्यग्रहण पाहणाऱ्यांची दृष्टि मध्यभागीं मंद होते, ती प्रायः याच रासायनिक इजेमुळें. त्या वेळीं वेदना होत नाहीं, म्हणूनच ती अधिक घातक. वाढत्या वयाबरोबर दृष्टिपटलामागील पेशींत एक पिवळट गाळ सांचत जातो, आणि तोहि निळा प्रकाश शोषून चेतलेला प्राणवायु निर्माण करतो.

तथापि निसर्गानें येथेंहि पिवळ्या रंगाचीच ढाल पुढें केली आहे. दृष्टिपटलाच्या मध्यभागीं पीतबिंदु असतो. त्याचा पिवळा रंग हिरव्या पालेभाज्यांतून मिळणाऱ्या ल्यूटीनसारख्या द्रव्यांचा असतो, आणि तीं द्रव्यें पेशींवर पडण्यापूर्वींच पुष्कळसा निळा प्रकाश गाळून घेतात. डोळ्याचें भिंगहि वय वाढेल तसें पिवळें होत जातें व तेंच काम करतें. नवजात बालकाचें भिंग मात्र पाण्यासारखें स्वच्छ असतें. त्याच्या डोळ्यांस ही ढाल नसते. म्हणून त्या निळ्या पाळण्यांत डोळ्यांवर पट्टी.

मग घरांतले दिवे आणि पडदे यांचें काय? आजचा पांढरा एल. ई. डी. दिवा मुळांत निळा असतो. निळा दिवा शक्य करणाऱ्या अकासाकी, अमानो व नाकामुरा यांना २०१४ सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्या निळ्या दिव्यावर पिवळ्या भुकटीचा लेप देतात; ती भुकटी कांहीं निळा प्रकाश शोषून पिवळा बाहेर टाकते, आणि दोहोंच्या मिश्रणानें पांढरेपणा येतो. अशा प्रकाशांत निळा अंश आहे, हें खरें. पण घरगुती पडद्यांची तेजस्विता इजेच्या मर्यादेपासून फार खालीं असते. तबकडींत वाढविलेल्या पेशींवर तीव्र निळा प्रकाश तासन् तास सोडला, कीं त्या मरतात. एवढ्यावरून पडदा पाहणाऱ्याचे डोळे जातील असें अनुमान काढणें युक्त नव्हे. तबकडींतील पेशीपुढें भिंग नसतें, पीतबिंदु नसतो, पापणी नसते. तिला रक्ताचा पुरवठा नसतो, आणि तिच्यावरील प्रकाशाची मात्राहि निराळी असते.

पडद्यांची खरी तक्रार निराळी आहे. ती इजेची नसून चुकीच्या वेळीं पोंचलेल्या निरोपाची आहे. १९२३ सालीं हार्वर्ड विद्यापीठांत क्लाइड कीलर या विद्यार्थ्यास असे उंदीर आढळले, कीं ज्यांच्या दृष्टिपटलांत पाहण्याच्या पेशीच नव्हत्या. तरीहि उजेड पडतांच त्यांची बाहुली आंकुंचन पावे. डोळ्यांत आणखी कोणीतरी पाहत होतें. १९९५ सालीं कांहीं पूर्णपणें अंध माणसांतहि उजेडाचा शरीराच्या घड्याळावर परिणाम होतो, असें सिद्ध झालें. इग्नासिओ प्रोव्हेन्सिओ यांना १९९८ सालीं बेडकाच्या त्वचेंतील रंगपेशींत मेलानॉप्सिन नांवाचें नवें प्रथिन सांपडलें. तेंच पुढें माणसाच्या दृष्टिपटलाच्या आंतल्या थरांतहि आढळलें. आणि २००२ सालीं डेव्हिड बर्सन व सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, त्या थरांतील कांहीं मोजक्या पेशी स्वतःच प्रकाशास प्रतिसाद देतात. या पेशी चित्र पाहत नाहींत. आकाश उजळ आहे कीं काळोखी, एवढेंच त्या मेंदूंतील घड्याळास कळवितात. आणि सुमारें ४८० नॅनोमीटरच्या, म्हणजे दिवसाच्या आकाशाच्या निळ्या प्रकाशास त्या सर्वांत अधिक संवेदनशील असतात.

हा निरोप दिवसां मिळाला, तर मन तरतरीत राहतें आणि रात्रीची झोंप वेळेवर येते. तोच निरोप रात्रीं दिव्यानें किंवा पडद्यानें दिला, तर अजून दिवस आहे असा मेंदूचा समज होतो, आणि रात्र झाल्याची खूण म्हणून शरीरांत पसरणारें मेलाटोनिन हें द्रव्य अडून राहतें. या दडपणुकीस निळा प्रकाशच सर्वांत परिणामकारक आहे, हें २००१ सालीं दोन स्वतंत्र प्रयोगांनीं निश्चित केलें. पडद्यावरील कामामुळें किंवा करमणुकीमुळें जागलेलें मन हेंहि झोंप न येण्याचें मोठें कारण असतें. सर्वच दोष रंगाच्या माथीं मारणें न्याय्य नाहीं. पण रात्रीं दिवा मंद व पिवळसर असावा, आणि सकाळीं थोडा वेळ उघड्या आकाशाखालीं जावें, हा उपदेश शास्त्राच्या आधाराचा आहे व त्यास पैसा लागत नाहीं.

सारांश, निळा प्रकाश हा स्वभावतः वैद्य नव्हे कीं वैरीहि नव्हे. तो कोणत्या द्रव्यांत शोषला जातो, किती मात्रेनें पडतो आणि दिवसाच्या कोणत्या वेळीं येतो, या तीन गोष्टींवर त्याचें फळ अवलंबून असतें. रोपाच्या शेंड्यास तो दिशा दाखवितो, जंतूच्या बिघडलेल्या धाग्यास दुरुस्त करतो, उघड्या सूर्याकडे टक लावणाऱ्याच्या दृष्टिपटलास जाळतो, आणि मध्यरात्रीं जागणाऱ्यास खोटी सकाळ दाखवितो.

सिस्टर वॉर्ड यांना यांतील प्रकाशकण, लहरी किंवा रेणूंच्या घड्या यांच्याशीं कर्तव्य नव्हतें. दुपट्याच्या टोंकाखालचा त्रिकोण बाकीच्या अंगाहून निराळा दिसतो, एवढें त्यांनीं पाहिलें, आणि संकोच वाटत असतांहि तें डॉक्टरांना बोलून दाखविलें. त्यानंतर जगभर असंख्य बालकें त्या निळ्या उजेडाखालीं डोळ्यांवर पट्टी बांधून निजलीं आणि कांहीं दिवसांनीं आपल्या आयांच्या कुशींत परत गेलीं.